ओळखीतल्या पोराच्या फँटसीला तीन स्टार दिले, चुकलं का?

दुधनाकाठ: नांदेडकडच्या एका पोरानं स्वतःच्या पैशानं फँटसी कादंबरी काढली, दोनशे प्रती छापल्या आणि किंडलवर पण टाकली. देवगिरी किल्ल्यातली अंधारी माहितीच असेल, तो काळाकुट्ट वळणावळणाचा बोगदा, तर तिथली वटवाघळं मेलेल्या शिपायांचे आवाज पोटात ठेवतात आणि हिरॉइन ते आवाज काढून घेऊन दरवाजे उघडते. कल्पना लई भारी, रात्री दीडपर्यंत वाचत बसलो. पण पान ४० वर ह्यानंच नियम सांगितलाय की एक आवाज एकदाच चालतो, आणि शेवटच्या लढाईत ती बाई एकच आवाज तीनदा वापरते, कुणी काही विचारतच नाही. तर मी हे सगळं लिहून गुडरीड्सवर (वाचक पुस्तकांना स्टार देतात ती वेबसाईट) तीन स्टार दिले. दुसऱ्या दिवशी त्याच्या मित्राचा फोन, "दादा, आपल्याच माणसाचे पाय कामून ओढायलाव?" आधी सहा जणांचे पाच-पाच होते, माझ्यामुळं सरासरी ४.७१ झाली म्हणे.

मांजराकाठची: चुकलंच दादा. त्या पोराला ना एडिटर ना प्रूफरीडर, प्रुफं बहिणीनं वाचली, कव्हर मित्रानं मोबाईलवर केलं. मोठ्या प्रकाशकाच्या पुस्तकामागं चार माणसं असतात आणि तुम्ही दोघांना एकाच तराजूत घालायलाव. चूक दिसली तर मेसेज करायचा होता, किंडलवर फाईल दुरुस्त करून परत टाकता येते, तारे मात्र तिथंच राहतात.

बिंदुसरा: ताई, मेसेजनं लेखकाची सोय झाली, अडीचशे रुपये मोजणाऱ्याचं काय? आणि एक सांगतो, गुडरीड्सच्या हिशोबात तीन स्टार म्हणजे 'आवडलं', दोन म्हणजे 'ठीक'. आपण सगळे शाळेतल्या मार्कांसारखं वाचतो, पाचापेक्षा कमी म्हणजे पोरगं वाया गेलं.

मांजराकाठची: अर्थ वेबसाईटचा असेल हो, विकत घेणारा आकडाच बघतो.

खामनदी: इंग्रजीत स्वतः छापलेल्या फँटसीसाठी मार्क लॉरेन्स या लेखकानं २०१५ ला स्पर्धा सुरू केली होती. एका खेपेला ३०० पुस्तकं, पुस्तकांवर लिहिणारे १० ब्लॉग, प्रत्येकाच्या वाट्याला ३०, त्यातून एकच पुढं. म्हणजे फायनलच्या आधीच २९० बाद, ते पण जाहीर, बहुतेकदा कारणं सांगून. उरलेल्या दहाला सगळे ब्लॉग दहापैकी मार्क द्यायचे. २०१६ चं विजेतं 'द ग्रे बास्टर्ड्स' पुढं मोठ्या प्रकाशकानं काढलं. कौतुकाला वजन कशामुळं आलं, तर बाद करणारे पण तेच होते म्हणून.

मांजराकाठची: तिथं वाचणारे किती आणि इथं किती! आपल्याकडं सगळे मिळून सात रेटिंग, त्यातला एक खडा पडला की डबकं ढवळून निघतं. मराठीत जादू-राक्षस लिहिणारा आधीच "हे काय पोरखेळ लिहायलास" ऐकून घेत असतो घरात.

नाथसागर: मी पैठणची, त्यामुळं आमच्या गावचंच सांगते. कथासरित्सागर या जुन्या संस्कृत कथासंग्रहात गोष्ट आहे, गुणाढ्यानं सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, 'पैशाची' नावाच्या जुन्या प्राकृत भाषेत, रानात शाई नाही म्हणून रक्तानं. सातवाहन राजाकडं पाठवली तर त्यानं भाषा आणि रक्त बघूनच वापस केली. मग हा बाबा एकेक पान जनावरांना वाचून दाखवायचा अन् आगीत टाकायचा, जनावरं चरायचं सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसली, राजाच्या ताटात सुकलेलं मटण यायला लागलं तेव्हा कुठं चौकशी झाली. तोवर सहा लाख श्लोक जळाले, एक लाख वाचले. राजानं वाचून नावं ठेवली असती तर चाललं असतं, त्यानं वाचलंच नव्हतं! दुधनादादांनी निदान पान ४० चा नियम शेवटापर्यंत लक्षात ठेवला. मला शंका त्या पाच स्टारवाल्या सहांचीच येते. आत्ताच बघून आले, "मस्त भावा", "अभिमान वाटतो", एकाच्याही लिहिण्यात वटवाघूळ नाही.

बिंदुसरा: 😂 वटवाघूळ टेस्ट

मांजराकाठची: त्या सहांतली एक मी आहे. "अभिमान वाटतो" माझंच. अर्धंच वाचलं होतं, कबूल. पण त्यानं पुस्तक घरी आणून दिलं, चहा घेऊन गेला, चार दिवसांनी विचारलं "टाकलं का ताई?", आता त्याच्या तोंडावर काय सांगू?

दुधनाकाठ: मला कुणी पुस्तक आणून नाही दिलं, औरंगपुऱ्यातून विकत आणलं, म्हणून मला सोपं गेलं असेल, हे मान्य. पण पाच द्यायला अर्धं पुरतं आणि तीन द्यायला पूर्ण वाचावं लागतं, हे काय गणित आहे?

खामनदी: ताई अर्धं म्हणजे कितवं पान? ४० तरी आलं का

मांजराकाठची: ११२ वर आहे. आणि शेवटच्या लढाईतलं तुम्ही इथं सांगून टाकलंत त्याचे स्टार कुणाचे कापायचे दादा?