मदत हवी आहे: दुरुस्त केलेला लॅपटॉप परत देण्याआधी शेवटचं काय काय तपासता?

नमस्कार मंडळी,

कराडला घराच्या पुढच्या खोलीत गेली दोन वर्षं लॅपटॉप, डेस्कटॉप दुरुस्त करतोय. दुरुस्ती जमते, पण मशीन परत देताना दर वेळी पोटात गोळा येतो. त्याचं कारण आधी सांगतो.

मागच्या दिवाळीत एका काकांना कीबोर्ड बदलून लॅपटॉप दिला. माझ्या टेबलावर तीन दिवस चालला, एकदाही अडला नाही. चौथ्या दिवशी काकांचा फोन, "बँकेची साइट उघडत नाही, तू नेटचं काहीतरी बिघडवलंस." घरी जाऊन पाहिलं तर कोपऱ्यात तारीख कित्येक वर्षं मागची! तारीख चुकली की ब्राउझरला साइटचं प्रमाणपत्र ग्राह्य वाटत नाही, तो आत जाऊच देत नाही. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला होता आणि मुख्य बॅटरीही जवळजवळ गेलेली होती. माझ्याकडे तिन्ही दिवस चार्जर लावलेलाच होता, त्यामुळे घड्याळाला वीज मिळत राहिली. काकांनी रात्री चार्जर काढला आणि सकाळी तारीख गेली. सेल लगेच बदलून दिला, पैसे घेतले नाहीत. पण काका त्यानंतर काम घेऊन आले नाहीत, याचं अजून वाईट वाटतं.

आता टेबलावर एका जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका मॅडमचा लॅपटॉप आहे. आठव्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती डिस्क. तक्रार अशी की वीस मिनिटांत तापून बंद पडतो आणि यूडायस प्लसची (शाळांच्या माहितीच्या सरकारी साइटची) माहिती भरताना मधेच अडकतो. उघडला तर पंख्याच्या जाळीत धुळीचा अक्षरशः नमदा बसलेला. डिस्कच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते तो) पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, दिसत होते, म्हणून आधी सगळा डेटा काढून घेतला. मग ५१२ जीबीची एसएसडी घातली, रॅम ८ केली, प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपलाय, त्यामुळे ११ टाकलं. पूर्ण लोडवर आधी ९७ अंशांपर्यंत जायचा, आता ७८च्या वर जात नाही.

शनिवारी चार वाजता मॅडम येणार आहेत. मला विचारायचंय ते असं:

लोडवर किती वेळ चालवून बघता? बॅटरीबद्दल गिऱ्हाइकाला काय सांगता? बॅटरीच्या अहवालात मूळ क्षमता ४१,००० मिलिवॉट-अवर दिसतेय आणि आता उरलीय १९,०००. मॅडमनी बॅटरीची तक्रार केलेली नाही, तरी आपणहून सांगावं का? आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे मॅडमच्या जुन्या प्रश्नपत्रिका वर्डमध्ये उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. फाइल खराब झाल्या असं मॅडमना वाटलं तर मी काय उत्तर देऊ?

प्रतिसाद: चार्जर काढा, झाकण मिटा

दादा, काकांच्या वेळी चुकलं ते टेबलावरच्या सवयीमुळे. मी पुण्यात बारा वर्षं हेच काम करतोय, म्हणून नीट सांगतो.

लोड टेस्ट दोन तास पुरते. त्याहून महत्त्वाची थंड सुरुवात. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावरही मशीन पूर्ण बंद होत नाही, कर्नलची (विंडोजच्या गाभ्याची) अवस्था डिस्कवर जपून ठेवतं. 'रिस्टार्ट' केलं तरच सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून फास्ट स्टार्टअप बंद करा, चार्जर काढा, रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी चालू करा. घड्याळ बघा. मग बॅटरी उतरेपर्यंत वापरा. रॅम बदललीय ना? मग मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावा, रात्रीतून किमान चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एका फेरीत न सापडलेली चूक मला तिसऱ्या फेरीत सापडलेली आहे.

झाकण मिटून झोपवा, उघडून उठवा, तेही निदान दहा वेळा. प्रत्येक यूएसबी पोर्टमध्ये पेनड्राइव्ह घाला, सगळे स्क्रू बसलेत का बघा. मागच्या बाजूला लांब आणि आखूड स्क्रूंची अदलाबदल झाली तर लांब स्क्रू आतून टचपॅडला टेकतो. क्लिक अडायला लागते आणि ते गिऱ्हाइकाच्याच बोटाला पहिल्यांदा कळतं.

बॅटरीचं नक्की सांगा, आकडे दाखवून सांगा. तुम्ही सांगितलं नाहीत आणि महिन्याने बॅटरी गेली, तर दोष तुमच्या दुरुस्तीवर येणार.

प्रतिसाद: बिटलॉकर पाहिलंत का?

विंडोज ११ टाकताना मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल, तर बिटलॉकरने डिस्क आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असू शकते. सेटिंग्जमध्ये बघून घ्या. दुरुस्तीत सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणारी सेटिंग) बंद केलं असेल किंवा बूटचा क्रम बदलला असेल, तर सगळं मूळ जागी आणून दोनदा सुरू करून पाहा. नाहीतर मॅडमच्या घरी निळा पडदा येईल आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागेल. ती की त्यांच्याच खात्यावर आहे ना, हे त्यांच्यासमोर उघडून दाखवा आणि कागदावर लिहून घ्यायला सांगा.

प्रतिसाद: एका शिक्षिकेकडून

मी स्वतः शिक्षिका आहे, म्हणून आमची बाजू सांगते. तुम्ही रॅम किती केलीत ते आम्हाला दुसऱ्या दिवशी आठवत नाही. 'निकाल' नावाचं फोल्डर डेस्कटॉपवर डाव्या कोपऱ्यात होतं, ते तिथेच हवं असतं. प्रिंटर पहिल्या झटक्यात चालायला हवा. मराठी टाइप करायला मॅडम इनस्क्रिप्ट (सरकारी मांडणी) वापरतात की फोनेटिक (इंग्रजी उच्चारांवरून टाइप करायची), ते फोन करून विचारा आणि तोच कीबोर्ड लावून ठेवा.

प्रश्नपत्रिकांची काळजी करू नका, त्या फाइल खराब नाहीत. युनिकोड (आता सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) रुळण्याआधीच्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये त्या टाइप केलेल्या असणार. तो फॉन्ट मशीनवर नसला की असंच दिसतं. जुन्या डिस्कवरच्या विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये तो अजून असेल. वाचायला आणि छापायला फॉन्ट पुरतो, टाइप करायला मात्र त्यांचं मूळ सॉफ्टवेअर परत टाकावं लागेल.

आणि एक विनंती. आमच्या लॅपटॉपवर मुलांची नावं, आधार क्रमांक, गुण असं सगळं असतं. तुम्ही काढलेली प्रत तुमच्या डिस्कवर राहू देऊ नका.

धागाकर्ता: शुक्रवार रात्र

तिघांचेही मनापासून आभार. सांगितलंत तसं सगळं केलं, आणि बरं झालं केलं.

मेमटेस्टच्या चार फेऱ्या झाल्या, एकही चूक नाही. सकाळी थंड सुरू केला, तारीख बरोबर. पण झाकण पूर्ण मागे नेलं की वायफाय गायब! टेबलावर मी नेहमी एकाच कोनात ठेवत होतो, त्यामुळे कळलंच नाही. परत उघडला तर अँटेनाच्या काळ्या तारेचं टोक वायफाय कार्डावर अर्धवट बसलेलं. पंखा काढताना मीच ते सैल केलं असणार. 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबून बसवलं. त्यानंतर तीस वेळा झाकण पुढे-मागे केलं, वायफाय सुटलं नाही.

बिटलॉकर चालू निघालं. सिक्युअर बूट बंद राहिलं होतं, ते चालू केलं आणि दोनदा सुरू करून पाहिलं. की मॅडमसमोर उघडेन. जुनी डिस्क पाकिटात घालून त्यांनाच देतोय. माझ्याकडची प्रत मॅडमनी सगळ्या फाइल उघडून पाहिल्या की त्यांच्यादेखत पुसणार. पासवर्ड लिहिलेली चिठ्ठीही तिथेच फाडणार आणि पासवर्ड बदलून घ्यायला सांगणार.

जुन्या डिस्कवर फॉन्ट सापडला, श्रीलिपीचाच होता. नव्या विंडोजमध्ये टाकला आणि तीच फाइल परत उघडली. वरच्या ओळीत 'इयत्ता चौथी, प्रथम सत्र' असं स्वच्छ आलं, खाली रिकाम्या जागा भरा. एक प्रत छापून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवली आहे.