सुदानच्या युद्धाच्या बातम्या कुठून मिळवाव्यात?

जिज्ञासू_सातारा
१५ एप्रिल २०२३ रोजी सुदानचे लष्करप्रमुख जनरल बुरहान यांचे सैन्य आणि हेमेदती यांचे ‘आरएसएफ’ (रॅपिड सपोर्ट फोर्सेस) हे सशस्त्र दल यांच्यात राजधानी खार्टुममध्ये युद्ध पेटले, तेव्हा ‘ऑपरेशन कावेरी’मुळे आपल्या वृत्तपत्रांत रकानेच्या रकाने भरून येत होते. भारतीय मायदेशी परतले आणि बातमीही जणू त्यांच्याच विमानाने परतली. आता आतल्या पानावर वृत्तसंस्थेच्या चार ओळी तेवढ्या दिसतात. मला अरबी येत नाही. इंग्रजीतून वाचता येतील अशी, एकमेकांची री न ओढणारी माध्यमे कोणी सुचवील का?

नाईलकाठ
सुरुवात ‘रेडिओ दबंगा’पासून करावी. पश्चिम सुदानमधील दारफुर प्रांताच्या श्रोत्यांसाठी २००८ मध्ये नेदरलँड्समधून सुरू झालेल्या या केंद्राचे इंग्रजी संकेतस्थळ आहे. आघाडीवरील दाव्यांपेक्षा मी तिथे बाजारातील धान्याचे भाव, छावण्यांतील कॉलरा आणि गावोगावच्या सामूहिक स्वयंपाकघरांविषयीचा मजकूर आधी वाचतो, कारण युद्ध कुठे पोहोचले आहे हे त्यावरून अधिक नेमके कळते. वाटाघाटींसाठी पॅरिसहून चालणारे ‘सुदान ट्रिब्यून’ आणि शोधवृत्तांसाठी सुदानी पत्रकारांचे ‘आयीन’ पाहावे. कैरोचे ‘मदा मस्र’ही उपयोगी आहे.

जुना_वाचक
वरील यादी उत्तम आहे, परंतु प्रत्येक माध्यमाचा मालक कोण, हेही पाहावे. संयुक्त अरब अमिराती आरएसएफला शस्त्रे पुरवते असा आरोप करून सुदान सरकार २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. अमिरातीने आरोप नाकारला आणि न्यायालयाने अधिकारक्षेत्राअभावी प्रकरण काढून टाकले. म्हणून अबुधाबीतून चालणाऱ्या वाहिनीवरील आरएसएफची बातमी, तसेच सरकारी ‘सुना’ वृत्तसंस्थेवरील लष्कराची बातमी, दोन्ही हातचे राखून वाचाव्यात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये दारफुरमधील अल फाशेर शहर आरएसएफच्या हाती पडले, तेव्हा शहराशी संपर्क जवळजवळ तुटला होता. येल विद्यापीठाच्या मानवतावादी संशोधन प्रयोगशाळेने उपग्रहचित्रांत मानवी देहांच्या आकाराच्या वस्तूंचे पुंजके आणि जमिनीवरचे तांबूस डाग नोंदवले. मात्र कोणी कोणाला व का मारले, हे चित्रात दिसत नाही. ते जवळच्या तविला गावापर्यंत पायी पोहोचलेल्या माणसांच्या जबान्यांतून आणि हल्लेखोरांनी स्वतःच चित्रित केलेल्या ध्वनिचित्रफितींतून जुळवावे लागते. या तिन्हींचा मेळ बसेल तेवढेच मी धरून चालतो.

जिज्ञासू_सातारा
दोघांचेही आभार. चार दिवस वाचल्यावर शब्दांकडे लक्ष जाऊ लागले आहे. ‘सुना’वर आरएसएफचा उल्लेख ‘दहशतवादी मिलिशिया’ असा येतो, तर आरएसएफच्या निवेदनांत विरोधकांना ‘फुलूल’, म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष बशीर यांच्या राजवटीचे अवशेष, म्हटलेले असते. आपल्याकडे त्याच दलाला एक वृत्तपत्र ‘निमलष्करी दल’ म्हणते आणि दुसरे ‘बंडखोर’. मूळ इंग्रजी तार एकच असावी, अशी मला दाट शंका आहे.