हेलपाटे संपले, पण कुणाचे?

"सातबारा ऑनलाइन झाला आणि कास्तकाराचे तलाठ्याकडचे हेलपाटे संपले," हे म्हणणं मला अर्धंच पटतं. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो, तलाठी कधी भेटेल याची वाट पाहावी लागत नाही. हे मोठंच काम झालं, वाद नाही.

पण ई-पीक पाहणी घ्या. ऑगस्ट 2021 पासून पिकाची नोंद शेतकऱ्यानेच मोबाईलवरून करायची. आमच्या यवतमाळकडे वावरात उभं राहून पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, फोटो काढायचा आणि तो अपलोड करायला रेंज मिळेल तिथवर, म्हणजे बहुतेक वेळा डांबरी रस्त्यापर्यंत, यायचं. साठीतल्या माणसाकडे बटणाचा फोन. मग गावातला एखादा पोरगा चार-दहा जणांच्या नोंदी उरकतो, कधी चहापाण्यावर, कधी पैसे घेऊन. त्याने घाईत कापसाच्या जागी नुसती तूर टाकली की गोची होते, कारण हमीभावाने खरेदी करताना सातबाऱ्यावरचा पीकपेरा बघतात. दुरुस्तीला मुदत असते हो, पण चूक कळते कापूस विकायला काढल्यावर!

तलाठ्याची तक्रार तहसीलदाराकडे तरी नेता येत होती. या पोराची कुणाकडे नेणार? (बरं, पोरगा वाईटही नाही, बिचारा फुकटात शिव्या खातो.) राहिलेल्या नोंदी करून द्यायला सरकारकडून सहायक मिळतात, पण हंगाम सरता सरता. पेरा आटोपल्याबरोबर तेच सहायक ग्रामपंचायतीत बसवायला काय हरकत आहे?