मदत हवी आहे: गिटार आणि बेसला किती जाडीच्या तारा टाकू? (उद्या ऑर्डर करायची आहे)

सहावी_तार | मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. थेट विचारतो. इलेक्ट्रिक गिटारवर ११चा सेट (पहिली तार इंचाच्या ११ हजारांश जाड) घेऊ की १२चा? आणि बेसला कुठला?

सध्या गिटारवर १०-४६ (पहिली तार १०, सहावी ४६) आहे, टाकून तीनच आठवडे झालेत. सूर खाली घेतल्यापासून सहावी तार नुसती लोळते. कुठेही दाबा, झणझण. जरा जोरात स्ट्रोक मारला की सूर आधी वर जातो आणि मग खाली येतो, त्यामुळे पॉवर कॉर्डसुद्धा बेसूर लागतो. गणपतीत आमच्या वाडीच्या मंडळात कार्यक्रम आहे, बारा दिवस उरलेत. रत्नागिरीत पार्सल यायला चार-पाच दिवस लागतात. उद्या सकाळी ऑर्डर टाकायचीच आहे. "ज्याची त्याची आवड" असं कृपया लिहू नका, ते सगळीकडे वाचून झालंय. आकडा सांगा.

डोंबिवली_फास्ट | रात्री ११:५२

सूर खाली म्हणजे किती खाली? अर्धा? एक? ड्रॉप, म्हणजे फक्त सहावी तार खाली? हे कळल्याशिवाय आकडा कुणीच सांगू शकणार नाही.

पिंपरी_रॉक | रात्री ११:५८

माझं ऐका, ९-४२ टाका. मी अकरा वर्षं जाड तारा वापरल्या, मनगट धरलं, तीन महिने गिटारला हात लावता आला नाही. बारीक तारांवरही दणदणीत आवाज निघतो, तो ॲम्प आणि हातातून येतो. नव्या मुलांना कुणीतरी ११-१२चं वेड लावून ठेवलंय आणि पोरं बोटं सोलून घेतात.

डोंबिवली_फास्ट | बुधवार, रात्री १२:०४

अहो, त्यांची तार आधीच लोळतेय. तिथे ९ कशी टाकायची?

सहावी_तार | रात्री १२:१०

आमच्या गायकाला काळी एक (सी शार्प) लागते. त्या हिशोबाने उतरवलंय.

सरगम_नाशिक | सकाळी ६:३०

काळी एक ही गायकाची पट्टी झाली, गिटारचं ट्यूनिंग नव्हे. मी पंचवीस वर्षं पेटीवर साथ करतेय. गायक बदलला की आम्ही पेटी बदलत नाही, षड्ज सरकवतो. तुम्हीही तारा होत्या तशाच ठेवा आणि तीच गाणी काळी एकमध्ये बसवा, नाहीतर कॅपो (मानेवर तारा दाबणारा चिमटा) लावा. तारांचा खर्चच नको.

सहावी_तार | सकाळी ७:१५

ताई, आमच्या पाचपैकी चार गाण्यांचा पाया मोकळ्या सहाव्या तारेवर आहे. कॅपोने सूर वर जातो, आम्हाला खाली हवाय. मोकळी तारच सी शार्प पाहिजे. सगळ्याच तारा तेवढ्याच खाली आणल्यात.

निळी_शाई | सकाळी ७:५०

हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर रात्रीच उत्तर मिळालं असतं. म्हणजे सहाव्या तारेच्या नेहमीच्या ईपासून तीन अर्धस्वर खाली. आता गणित बघा.

लांबी तीच ठेवली तर तारेचा ताण जाडीच्या वर्गात आणि कंपनसंख्येच्या वर्गात बदलतो. तीन अर्धस्वर उतरलं की कंपनसंख्या ८४ टक्के होते, ताण ७१ टक्के. साडेपंचवीस इंची स्केलवर (स्केल म्हणजे मोकळ्या तारेची लांबी) १०ची पहिली तार ईला असताना साधारण ७.३ किलोचा ताण असतो, तो तुमच्याकडे ५.२ झालाय. सहाही तारांचा मिळून १०-४६चा ताण सुमारे ४६ किलो, तुमच्या गिटारवर आता ३३च्या आसपास. तार लोळणारच, त्यात गिटारचा दोष नाही.

हातात पूर्वीचाच ताण हवा असेल तर प्रत्येक तारेची जाडी १.१९ने गुणा. १०ची होते १२, ४६ची होते साधारण ५५. म्हणून १२-५४. एकच स्वर उतरला असता तर ११-५२ सांगितलं असतं, अर्धाच असता तर ११-४८वर भागलं असतं. "११ की १२" याला आवड कारण नाही, तुमचा सी शार्प कारण आहे.

एक बघून घ्या: सेटमधली तिसरी तार साधी आहे की गुंडाळलेली. जाड सेटमध्ये कधीकधी गुंडाळलेली येते आणि ती बेंड करताना फार जड जाते.

आता सांगा, गिटारची स्केल काय? बाराव्या फ्रेटपर्यंत मोजून दुप्पट करा.

जुना_टर्नटेबल | सकाळी ८:२०

गणित मान्य, पण गणिताने सगळं ठरत नाही. ब्लॅक सबाथचे गिटारवादक टोनी आयोमींनी १९७१पासून कितीतरी गाणी सी शार्पला लावून वाजवली, तीही हलक्या तारांवर. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली होती आणि ते डावखुरे, म्हणजे नेमकी तारा दाबायची बोटं. सूर उतरवला तो तारा सैल व्हाव्यात म्हणूनच. त्या सैल तारांमधून जो भारदस्त आवाज निघाला, त्यावर पुढे हेवी मेटल हा अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. म्हणून १०च ठेवा आणि हात हलका करा.

निळी_शाई | सकाळी ८:४१

आयोमींचा हात वेगळा आणि त्यांची गरजही वेगळी. यांना बारा दिवसांत हात बदलायला सांगताय. दुसऱ्या टोकाला ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन बघा, अर्धा स्वर उतरवून १३च्या तारा. दोघेही थोर आहेत. पण यांच्या सहाव्या तारेचं काय, ते त्यातून कळत नाही.

पिंपरी_रॉक | सकाळी ८:५५

आणि वॉन १३वर वाजवून बोटं फाडून घ्यायचे, तेही सांगा.

तंतुवाद्य_मिरज | सकाळी ९:३०

सगळ्यांना नमस्कार. आमच्या घरात तीन पिढ्या तारा चढवण्यात गेल्या, म्हणून लिहितो. सतारीची बाजाची (मुख्य) तार ०.३० मिलिमीटर असते, म्हणजे तुमची जवळपास १२चीच. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तुम्हाला जी झणझण नको आहे, तीच आम्ही घोडीचा माथा कानसीने हळूहळू घासून आणतो, तिला जवारी म्हणतात. केसाएवढा उतार चुकला तर तार एकतर मुकी होते, नाहीतर खरखरते. तेव्हा झणझण आली की दोष आधी तारेत शोधू नका. तार जिथे टेकते तिथे बघा. हे सगळ्या तंतुवाद्यांना लागू आहे.

डोंबिवली_फास्ट | सकाळी ९:४८

काकांचा मुद्दा अगदी बरोबर. @सहावी_तार, गिटारचा ब्रिज कुठला आहे? पक्का की सूर हलवायच्या दांडीचा?

सहावी_तार | सकाळी १०:२०

मोजलं. बाराव्या फ्रेटपर्यंत ३२.४ सेंटीमीटर, दुप्पट ६४.८. ब्रिज साधाच आहे. म्हणजे दांडी बसवायची सोय आहे, पण मी वापरत नाही, काढून ठेवलीय. ऑर्डर थांबवलीय तुमच्यासाठी, लवकर सांगा.

डोंबिवली_फास्ट | सकाळी १०:२८

दांडी काढली तरी ब्रिज तरंगताच राहतो! पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात, त्या दोघांच्या मध्ये तो उभा असतो. तुम्ही तारांचा १३ किलोचा ताण काढून घेतलात, स्प्रिंगा होत्या तशाच. मागच्या कडेखाली फट किती आहे बघा.

सहावी_तार | सकाळी १०:४५

फटच नाही. कागदसुद्धा आत जात नाही. पूर्वी एटीएम कार्ड आरामात जायचं, मी तिथे अडकवून ठेवायचो.

डोंबिवली_फास्ट | सकाळी ११:०२

तुमची अर्धी झणझण तिथेच आहे. ब्रिज मागे बसला म्हणजे सगळ्या तारा फ्रेटच्या जवळ आल्या. ताण कमी झाल्यावर नेकचाही बाक कमी होतो, ती सरळ होते किंवा किंचित मागे झुकते, त्याने आणखी भर पडते. ब्रिजवर तारा टेकतात त्या छोट्या घोड्यांचे स्क्रू वर करत बसू नका. १२-५४ सी शार्पला लावलात की एकूण ताण पुन्हा ४६च्या आसपास येईल आणि ब्रिज आपला आपण जागेवर येईल. स्प्रिंगांना फारसा हात लावावा लागणार नाही. एकेक तार काढून तिथेच नवी चढवत जा. सगळ्या एकदम काढल्या तर पुन्हा सूर जुळवण्यात अर्धा दिवस जाईल.

हळद_पाणी | सकाळी ११:३०

माझ्या अकूस्टिकवर १२चाच फॉस्फर ब्रॉन्झ सेट आहे, आवाज खूप गोड. तोच घ्या ना, गावात कुठल्याही दुकानात मिळेल.

निळी_शाई | सकाळी ११:३६

तो नको. इलेक्ट्रिकचा पिकअप चुंबकावर चालतो आणि ब्रॉन्झला चुंबक ओळखत नाही. आतल्या पोलादी गाभ्याचाच काय तो आवाज येईल, जाड तारा दबलेल्या वाजतील. निकेलचं वेटोळं असलेलाच घ्या.

सहावी_तार | दुपारी १२:०५

ठीक, गिटारला १२-५४ नक्की. बेसचं कुणी बोलतच नाहीये. चार तारांचा आहे, धाकट्या भावाचा. त्याच्या तारा तर दोरीसारख्या हलतात.

कुडाळ_बेस | दुपारी १२:२०

बेसचं मी सांगतो. मला हेच जमवायला दोन वर्षं गेली. पाच तारांचा ४५-१३०चा सेट घ्या, त्यातली ४५ची 'जी' (G) तार बाजूला ठेवा. उरलेल्या ६५-८०-१००-१३० चार खुंट्यांवर. सगळ्यात जाड तार 'बी'ऐवजी (B) सी शार्पला, बाकीच्याही तेवढ्याच वर लावायच्या, थोड्या कडक लागतील पण छान. नटाच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा मात्र वाढवाव्या लागतील, १३०ची तार १०५च्या खाचेत बसत नाही.

निळी_शाई | दुपारी १२:३१

सल्ला चांगला, पण बेसची लांबी विचारली का?

कुडाळ_बेस | दुपारी १२:३४

चार तारांचा बेस ३४ इंचीच असतो हो, म्हणजे ८६ सेंटीमीटर. त्यात काय विचारायचं?

सहावी_तार | दुपारी १:१०

भाऊ शाळेतून आला, त्याने टेप लावली. नटापासून ब्रिजपर्यंत ७६ सेंटीमीटर. आठवीत होता तेव्हा त्याचा हात पुरेना, म्हणून हा घेतला होता.

कुडाळ_बेस | दुपारी १:१५

अरेरे. मग माझं सगळं रद्द. हा ३० इंची, शॉर्ट स्केल. ऑर्डर टाकली नाहीत ना? लांब सेट यावर चढवला तर जाड वेटोळं खुंटीपर्यंत येतं. १३०ची तार त्या भोकात शिरायची नाही आणि शिरलीच तर वाकवताना मोडेल. पैसे फुकट जातील. शॉर्ट स्केल असं लिहिलेलाच सेट लागतो.

निळी_शाई | दुपारी १:३०

आणि तो आणूनही सी शार्प सुखाचा होणार नाही. तीच तार, तोच सूर, पण ३४ऐवजी ३० इंच म्हटलं की ताण ७८ टक्क्यांवर येतो. त्याचे पुन्हा ७१ टक्के. म्हणजे मोठ्या बेसच्या निम्म्याला जेमतेम वर. गिटारचं गणित इथे लावलं तर १००ची तार ११९ करावी लागेल, शॉर्ट स्केलमध्ये तेवढी जाड सहज मिळत नाही.

माझं म्हणणं, बेस उतरवूच नका. ईलाच ठेवा. 'ए' (A) तारेच्या चौथ्या फ्रेटवर सी शार्प मिळतो, तो गिटारच्या मोकळ्या सहाव्या तारेशी अगदी एकसूर आहे. भावाला बोटांच्या जागा नव्या पाठ कराव्या लागतील, पण नव्या तारांची गरज नाही.

कुडाळ_बेस | दुपारी १:४४

इथे मी असहमत. बेस गिटारच्या सुरातच वाजला तर बेस कशाला? खालचं सप्तक हवंच, पोटात जाणवायला हवं. मित्राकडून मोठा पाच तारांचा बेस आणा.

निळी_शाई | दुपारी १:५५

खालचा सी शार्प म्हणजे ३५ हर्ट्झ. मंडळाच्या भाड्याच्या बॉक्समधून तो नीट बाहेरच येत नाही, फक्त घुमतं. ६९ हर्ट्झ स्वच्छ ऐकू येईल. आणि बारा दिवसांत त्या पोराच्या हातात पाच तारांचा मोठा बेस देऊ नका. खाली जावंसं वाटलं तर ईपर्यंतचे सूर आहेतच त्याच्याकडे.

सहावी_तार | दुपारी २:२०

भाऊ म्हणतोय चौथ्या फ्रेटवरून जमेल. गिटारचा १२-५४ मागवला. बेस परत ईला लावला, पहिल्यांदाच दोरी वाटत नाहीये. सर्वांचे आभार. आता गंजाचं सांगा, आमच्या खाऱ्या हवेत तारा महिन्यात काळ्या पडतात.

कुडाळ_बेस | दुपारी २:४०

वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने प्रत्येक तार खालूनसुद्धा पुसा. नुसती वरून नको, गंज खालून धरतो. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. लेप दिलेल्या तारा महाग असतात, पण किनाऱ्यावर परवडतात.

सहावी_तार | सोमवार, रात्री ९:०५

तारा आल्या, चढवल्या. ब्रिज उचलला, एटीएम कार्ड पुन्हा आत गेलं. पहिल्या पाच तारा उत्तम. सहावी मात्र नटाच्या खाचेत नीट बसत नाही, वरच राहते. सूर लावताना "टिंग" करते आणि एकदम उडी मारते. इथे दुरुस्ती करणारं कुणी नाही. कार्यक्रमाला सहा दिवस.

तंतुवाद्य_मिरज | रात्री ९:४०

जुनी ४६ची तार फेकली नाहीत ना? तिच्या तुकड्यावर ६०० नंबरचा पॉलिश पेपर एक वेढा गुंडाळा, जाडी बरोबर होईल. खाचेत पुढे-मागे हलक्या हाताने, उतार खुंट्यांच्या बाजूला ठेवून. पाच-सहा वेळा घासलं की तार ठेवून बघायचं. खाच फक्त रुंद करायची आहे, तळ खोल करायचा नाही. तळ गेला तर नट बदलावा लागतो. शेवटी पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा.

सहावी_तार | मंगळवार, सकाळी ७:५०

काका, केलं. रात्री एकपर्यंत बसलो होतो, भाऊ टॉर्च धरून. टिंग बंद झालं. सी शार्प मोकळी सोडली की स्वच्छ वाजते आणि वाजतच राहते. फक्त बाराव्या फ्रेटवर थोडी चढी लागतेय.

डोंबिवली_फास्ट | सकाळी ८:०५

त्या तारेची घोडी स्क्रूने मागे घ्या, तार लांब होईल तशी. अर्धा फेरा, पुन्हा सूर लावा, पुन्हा तपासा. नव्या तारा दोन दिवस ताणल्या जातात, म्हणून आज ढोबळ करा, पक्कं गुरुवारी.