बँकॉकमध्ये आईसोबत दोन दिवस: कोणती देवळं बघावीत?

कृष्णाकाठ:
नोव्हेंबरात सत्तरीच्या आईला घेऊन बँकॉकला चाललेय. मॉल, सफारीत तिला रस नाही, देवळं मात्र तासन्‌तास बघेल. गुडघे दुखतात, त्यामुळे फार पायऱ्या नकोत. काय बघू, काय सोडू?

परसबाग:
पहिली सकाळ ग्रँड पॅलेसमधल्या (राजवाड्याच्या आवारातल्या) वाट फ्रा केओलाच द्या ('वाट' म्हणजे थाईत देऊळ). पाचूच्या बुद्धाचं दर्शन घ्याच (मूर्ती पाचूची नाही, हिरव्या दगडाची आहे), पण आईंना रमवतील त्या भोवतालच्या ओवऱ्या. तिथल्या भिंतींवर रामकियन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवलंय. उत्तरेच्या दारापाशी सुरुवात करून प्रदक्षिणेसारखं चालत गेलात की कथा क्रमाने लागते, आणि वर छप्पर असल्याने ऊन लागत नाही. पांढराशुभ्र मारुती माझ्या सासूबाईंनी लांबूनच ओळखला. तिथला मारुती ब्रह्मचारी नाही, रावणाची मुलगी असलेली एक मत्स्यकन्या त्याची बायको, हे ऐकल्यावर प्रत्येक चित्रात त्या तिलाच शोधत होत्या. अडीच तास कसे गेले कळलं नाही.

साडेआठला दार उघडतं तेव्हाच पोचा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. रस्त्यात कुणी "आज राजवाडा बंद आहे, दुसरीकडे नेतो" म्हणालं तर सरळ पुढे चला. आम्ही फसलो होतो, अर्धा दिवस गेला.

नदीपार:
शेजारीच वाट फो. ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध, तळव्यांवर शिंपल्यांच्या जडावाची १०८ शुभचिन्हं. पाठीमागे ओळीने १०८ भांडी आहेत, त्यांत नाणी टाकत जायचं. तो खणखणाट माझ्या कानात अजून आहे. नदीपलीकडचं वाट अरुण (आपलाच अरुण, सूर्याचा सारथी) चढू नका, पायऱ्या फार उभ्या आहेत. संध्याकाळी अलीकडच्या काठावरूनच बघा.

कृष्णाकाठ:
सासूबाईंचा किस्सा आईला वाचून दाखवला, आता ती रामकियनसाठीच निघालीय! बँकॉकमध्ये एखादं हिंदू देऊळ आहे का? आणि तिला मांडी घालून बसवत नाही, आत चालेल?

परसबाग:
पाय मूर्तीच्या दिशेने पसरायचे नाहीत, एवढं सांभाळा. आम्ही मागे उभं राहूनच दर्शन घेतलं.

उंच लाल झोक्याच्या खांबांजवळ १७८४ सालचं देवसथान आहे, म्हणजे आपलं देवस्थानच: शंकर, गणपती, नारायण. राजघराण्याचे विधी करणारे ब्राह्मण तिथलेच. दुसऱ्या दिवशी चिटलोम स्टेशनजवळचा एरावान देवस्थानातला चतुर्मुख ब्रह्मा बघा. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं किती कमी, इथे ऑफिसला जाणारी माणसंही थांबून झेंडूच्या माळा वाहतात.