लिमाच्या विमानतळावरून आईसाठी शाल घ्यावी का?

गोदाकाठ (पैठण):
कंपनीच्या कामानं येत्या महिन्यात पंधरा दिवस पेरूला, लिमाला जायलोय. कुस्कोकडं, विणकरांच्या डोंगराळ भागात, जायला सुट्टी नाही, म्हणून खरेदी परतीला विमानतळावरच. आईसाठी तिथल्या विणकरांच्या हातचं काहीतरी आणायचंय. आईनं तीस वर्षं पैठणी विणली. कापड हातात आलं की ती आधी उलटं करून बघते, मग बोलते. मशीनचं नेलं तर तोंडावर काही म्हणणार नाही, पण घडी करून ट्रंकेत टाकील, आणि तेच मला लागेल. हातमागाचं ओळखायचं कसं?

जालन्याची लेक:
दादा, आईची सवयच कामाला येईल. कुस्कोजवळ चिंचेरोला मी बायकांना विणताना पाहिलंय. मागाचं एक टोक खुंटीला, दुसरं कमरेच्या पट्ट्याला. बाई मागं रेलली की ताणा, म्हणजे उभे धागे, ताठ होतो. नक्षी ताण्यातूनच उठते. त्यामुळं बऱ्याच कापडांत उलट्या बाजूलाही तीच नक्षी असते, फक्त रंगांची अदलाबदल होते. कडा नीट बघा: जुन्या पद्धतीच्या कापडाला चारही बाजूंनी विणलेलीच कड असते, कातरलेली नसते. आणि माग अरुंद, त्यामुळं पाठीवर घ्यायचं मोठं वस्त्र, ज्याला तिथं यिक्या म्हणतात, ते दोन पट्टे जोडून करतात. मधोमध शिवण दिसली तर खोट समजू नका. लाल रंग कशाचा, ते विचारा. जुन्या पद्धतीत निवडुंगावरच्या कोचिनील किड्यांपासून करतात तो. विमानतळावरच्या गुळगुळीत एकरंगी शाली बहुतेक मशीनच्या. उबदार असतात, पण तुमच्या आईसाठी नाहीत.

लातूर ४१३५१२:
अल्पाका हा तिथला लोकरीचा प्राणी. ‘बेबी अल्पाका’ म्हणजे त्याच्या पिल्लाची लोकर नव्हे, ती बारीक धाग्याची प्रत आहे. स्वस्तात मिळालं तर बरेचदा ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा, निघतं. सुटा धागा घरी जाळून बघा: लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, ॲक्रिलिक वितळून गोळी होते. दुसरं, कोकाच्या पानांचा चहा तिथं उघड विकतात. तो आणू नका. आपल्याकडं १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात कोकाचं पान येतं.

जालन्याची लेक:
आणि विमानतळापर्यंत थांबताच कशाला? लिमातच मिराफ्लोरेस भागात पेटिट थुआर्स रस्त्यावर हस्तकलेचे बाजार आहेत. तिथंही मशीनचा माल भरपूर, पण कापड पसरून, उलटून बघायला निवांत वेळ मिळतो. एक संध्याकाळ काढाच.

गोदाकाठ (पैठण):
ताई, लई उपकार झाले. आईला सगळं वाचून दाखवलं. कमरेला माग बांधतात म्हटल्यावर तिनं दोनदा विचारलं, “मग पाठ दुखत नाही का त्यांची?” शिवणीचंच आण म्हणाली.