विषय: नववीची ऑप्शन्स – डीटी घेऊ द्यावं का?

प्रेषक: ईशानची आई
रविवार, रात्री १०:४०

मंडळी नमस्कार,

तिळगूळ वाटून झाला, गोड बोलून झालं, आता भांडणाचा विषय काढते. ईशान नववीत आहे आणि शुक्रवारपर्यंत ऑप्शन्सचा फॉर्म, म्हणजे इथे इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी होणाऱ्या जीसीएसई परीक्षेला कोणते विषय घ्यायचे तो, भरायचाय. इंग्लिश, गणित, सायन्स ठरलेलंच. उरलेल्या चार रकान्यांत हिस्टरी, फ्रेंच आणि संगीत यांवर एकमत आहे. चौथ्यात त्याला डिझाइन अँड टेक्नॉलॉजी (डीटी) हवंय आणि घरातल्या दुसऱ्या पक्षाला कॉम्प्युटर सायन्स (सीएस). दुसरा पक्ष म्हणजे त्याचे बाबा आणि नागपूरहून फोनवर आजोबा. "सुतारकाम शिकायला पोराला विलायतेत नेलंत का?" हे आजोबांचं म्हणणं. त्यात शाळेने सांगितलंय की पुरेशी मुलं आली नाहीत तर डीटीचा वर्ग चालणारच नाही.

ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी अनुभव लिहा. मोघम नको.

प्रेषक: मंडळाचे खजिनदार
सोमवार, सकाळी ८:१५

वहिनी, ट्रेनमधून लिहितोय म्हणून थोडक्यात. सीएस घ्या. वीस वर्षं आयटीत काढली, माणसं कशावर निवडतात ते रोज बघतो. आमच्या दोघांनी सातवी-आठवीत डीटी केलं, त्याचं फळ म्हणजे घरात फोन ठेवायची दोन स्टँडं. दोन्ही डुगडुगतात. हातकामाची हौस असेल तर यूट्यूब आहे, गॅरेज आहे. ऑप्शनचा रकाना त्यावर कशाला घालवायचा?

प्रेषक: ओवीची आई
सोमवार, रात्री ९:०५

खजिनदारसाहेब, मी तोच विषय शिकवते. आमच्याकडे स्टँड डुगडुगलं तर मार्क जात नाहीत. ते का डुगडुगतं हे शोधलं नाही आणि दुसरं करून बघितलं नाही, तर जातात.

आधी हा विषय म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच पालकांना डीटी म्हणजे रंधा आणि फेव्हिकॉल एवढंच वाटतं. इंग्लंडमध्ये १९९० साली तो राष्ट्रीय अभ्यासक्रमात आला तो सगळ्या मुलांसाठी. लाकूड, धातू, प्लास्टिक, कापड, इलेक्ट्रॉनिक्स, स्वयंपाकसुद्धा, सगळं एका छत्राखाली. तोवर मुलगे वर्कशॉपला आणि मुली शिवण-स्वयंपाकाला अशीच सर्रास वाटणी असे. २००४पर्यंत चौदा वर्षांपुढेही तो सक्तीचा होता. नंतर ऐच्छिक झाला. २०१० साली सरकारने ईबॅक नावाची मोजपट्टी आणली, म्हणजे ठरावीक विषय किती मुलं घेतात यावर शाळा मोजायची. तिच्यात सीएस बसतं, डीटी बसत नाही. शाळा ज्यावर मोजल्या जातात तेच शिकवतात, हे तुम्हाला सांगायला नको. २००४च्या सुमारास चार लाखांहून जास्त मुलं जीसीएसईला डीटी घेत, आता लाखाच्या आत आलीत. स्वयंपाकाचा विषय मधे वेगळा काढला गेला हे खरं, पण तो धरला तरी घसरण मोठी आहे. २०२५च्या नोव्हेंबरात सरकारने ईबॅक बंद करायचं जाहीर केलं. पण दरम्यान कित्येक वर्कशॉपांना कुलपं लागली, शिक्षक दुसरीकडे गेले. लेथ विकून टाकला की पुन्हा कोणी घेत नाही.

आता परीक्षा. निम्मे मार्क लेखी पेपरचे, निम्मे मुलाने स्वतः केलेल्या प्रकल्पाचे. लेखीत किमान पंधरा टक्के मार्क गणिताचे असतात. प्रकल्पाचे विषय परीक्षा बोर्ड १ जूनला जाहीर करतं आणि तेही मुद्दाम ढोबळ ठेवतं, म्हणजे गिऱ्हाईक मुलांनीच शोधायचं. गेल्या वर्षी एका मुलीने आजी निवडली. संधिवाताने आजीची बोटं वळत नाहीत, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही. आधी पुठ्ठ्याचं केलं, मग फोमचं. आजीला धरायला दिल्यावर कळलं की आजी बोटांनी पकडतच नाही, तळव्याने दाबते. म्हणजे पकडीचा सगळा आकारच चुकला होता. मग थ्रीडी प्रिंट काढला, तो पहिल्याच पिळात मोडला, अगदी थरांच्या रेषेवरून, पापुद्रा सुटावा तसा. स्क्रीनवरचं मॉडेल तेच होतं आणि त्यात काही चूक नव्हती. तिने तोच भाग मशीनमध्ये आडवा ठेवून पुन्हा छापला, म्हणजे थर जोराच्या दिशेने लांबीत आले. तो टिकला. मग तिने त्या दोन तुकड्यांचा फोटो शेजारी शेजारी चिकटवून एक पान लिहिलं. त्या पानासाठी मी हा विषय शिकवते.

आणि आमच्या शाळेत सीएसला जे बोर्ड आहे, त्याचे दोन्ही पेपर कागदावर असतात. प्रोग्रॅम पेनाने लिहायचा. खजिनदारसाहेब, तुमच्या ऑफिसात कोणी लिहितं का पेनाने?

सीएस वाईट असं मी म्हणत नाही. ओवीने दोन्ही घेतलंय. पण तंत्रज्ञान म्हटलं की फक्त कॉम्प्युटर, ही समजूत मात्र मला दर पालकसभेला नव्याने खोडावी लागते.

प्रेषक: ग्रंथालयवाले तात्या
मंगळवार, पहाटे ५:५० (झोप येत नाही)

ईशानच्या आजोबांना माझा निरोप द्या. मी शाळेत संस्कृत सोडून टेक्निकल, म्हणजे वर्कशॉपचा विषय, घेतलं तेव्हा आमच्याही घरी आठ दिवस अबोला होता.

आठवीत आमच्या वर्कशॉपच्या सरांनी प्रत्येकाला लोखंडी पट्टीचा एक तुकडा दिला. त्यावर मोरचूद लावायचा, तो सुकून तांबूस झाला की स्क्रायबरने रेघ मारायची आणि त्या रेघेपर्यंत कानस चालवायची. दिसायला पोरखेळ. कड सरळ झाली असं वाटलं की गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून खिडकीच्या उजेडाकडे धरायचं. पट्टी आणि गुण्याच्या फटीतून उजेड दिसला की पुन्हा शेगड्यात (व्हाइसमध्ये). माझा उजेड तीन आठवडे बुजेना. एका बाजूने बुजवावा तर दुसऱ्या बाजूने दिसायचा. सर ओरडत नसत, नुसता तुकडा उजेडाकडे धरून परत हातात द्यायचे. चौथ्या आठवड्यात कळलं की खोट कानशीत नव्हती, मी उभाच तिरका राहत होतो. पुढे चाळीस वर्षं कारखान्यात ड्रॉइंगं तपासली. एखाद्याने कागदावर नको इतका बारीक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) मागितला की माझा उजवा खांदा आपोआप दुखायला लागे.

आमच्या टेक्निकलवाल्यांचं एक दुःख होतं, ते इथल्या डीटीचंही दिसतंय. हुशार मुलं तिकडे पाठवायची नाहीत. बाकीच्या शाळेत कार्यानुभव नावाचा तास असे, त्यात खडू करायचे नाहीतर गणिताचे सर तो तास घेऊन टाकायचे.

पण आपल्याकडे याच्या उलटही झालंय आणि ते आपल्या मंडळींना ठाऊक असावं. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून १९८३ साली तिथे गेले आणि विज्ञान आश्रम काढला. शाळेत नापास झालेली, शाळा सोडलेली पोरं त्यांनी हाताशी घेतली आणि करता करता शिकवायला लागले. त्यातून शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय उभा राहिला. आठवड्यातला एक दिवस, चार भाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. म्हणजे एकच पोरगं वेल्डिंगही करतं, रोपवाटिकाही लावतं आणि रक्तगटही तपासतं. शिकवायला गावातलाच कसबी माणूस आणि केलेलं काम गावाला विकायचं, म्हणजे फाटक वाकडं झालं तर गिऱ्हाईकच सांगतं. मी तिथे एकदा गेलो होतो. आश्रमातले त्रिकोणी सांगाड्याचे घुमट बघण्यासारखे आहेत. पाबळचा डोम म्हणून ओळखतात. पुढे २००२च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठवाल्यांनी देशाबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा) एक याच गावात उभी केली. बोस्टनच्या माणसांना पाबळ सापडलं. आपल्याला सुतारकाम म्हणजे कमीपणा वाटतो.

प्रेषक: सचिव
मंगळवार, दुपारी १२:३०

तात्यांनी त्रिकोण काढला म्हणून सांगतो. यंदाच्या गणपतीला मखर प्लायचं केलं होतं, आठवतंय? आदल्या रात्री उभं केलं तर ते डाव्या अंगाला कललं. सरळ करावं तर उजव्या अंगाला. हॉलमध्ये आम्ही सात जण होतो, सातही इंजिनियर, त्यातले सहा सॉफ्टवेअरचे. कोणी म्हणे आणखी खिळे मारा, कोणी म्हणे मागून दोरीने बांधा, खजिनदारांनी वाळूची पोती आणायची तयारी दाखवली. कोपऱ्यात झिरमिळ्या चिकटवणारा एक मुलगा उठला, उरलेली पट्टी मागच्या चौकटीला तिरपी धरली आणि म्हणाला, "काका, चौकोन हलतो. हे इथे मारा." दोन तिरप्या पट्ट्या, आठ स्क्रू. दहा दिवस मखर हललं नाही, आरतीला पोरं त्याला धरून उभी राहिली तरी नाही.

वहिनी, तो ईशान होता. तुम्ही स्वयंपाकघरात मोदकांवर होतात.

प्रेषक: मंडळाचे खजिनदार
मंगळवार, दुपारी १२:४१

वाळूच्या पोत्यांचा उल्लेख मंडळाच्या इतिवृत्तात नको.

सीएसबद्दल माझं मत कायम आहे. मात्र दोन्ही बसत असतील तर दोन्ही घ्या. आणि ओवीच्या आई, स्टँडचा फोटो वेगळा पाठवतो. मागचा पाय आखूड आहे की कोन चुकलाय, एवढंच सांगा.

प्रेषक: ईशानची आई
गुरुवार, रात्री ११:२०

फॉर्म भरला. डीटी आणि सीएस दोन्ही, संगीत सुटलं. त्याचं मला वाईट वाटतंय, पण तबल्याचा क्लास चालू राहील. डीटीला आतापर्यंत अकरा मुलं आहेत, शाळा म्हणते बारा हवीत. कोणाचा नववीतला काठावर असेल तर उद्या दुपारपर्यंत वेळ आहे.

मखराचं मला खरंच माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "त्यात काय सांगायचं?" तात्या, तुमचा मेल आजोबांना फोनवर वाचून दाखवला. कानशीच्या जागी थांबवून त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मत बदललंय असं काही म्हणाले नाहीत. मोरचूद हल्ली मिळतो का, ते विचारत होते.

प्रेषक: सचिव
शुक्रवार, सकाळी ७:५५

विषय निघालाच आहे तर: मखराच्या वेळी मंडळाच्या पेटीतून नेलेला कॉर्डलेस ड्रिल आणि सहा मिलिमीटरचा बिट अजून परत आलेला नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी होळीच्या आत आणून द्यावा. चार्जरसकट.